पहिला टीव्ही दाखवणाऱ्या माणसाचा गेम एका मिनिटाच्या लॅगनं केला

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी बाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि पोटात पन्हं एवढी तयारी लागते. पारा ४५ च्या पुढं गेला की शहाणा माणूस कूलरसमोर बसून राहतो. धरमपेठेतल्या आमच्या एका मित्रानं मागच्या उन्हाळ्यात तेच केलं. फक्त बसून काय करायचं म्हणून त्यानं आपला कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला, एचडीएमआयची केबल लावली आणि घरातल्या ५५ इंची फोर-के टीव्हीचा गेमिंग मॉनिटर करून टाकला.

चित्र बघून आम्ही दोघं गार झालो. एवढ्या मोठ्या पडद्यावर गेम म्हणजे थेटरात बसल्यासारखं.

मग मॅच सुरू झाली आणि भाऊ धडाधड मरायला लागला. माऊस हलवला की निशाणा जरा थांबून हलायचा. बटण दाबलं की गोळी जरा उशिरा सुटायची. त्यानं आधी इंटरनेटला शिव्या घातल्या, मग माऊसला, शेवटी मला. दोष मात्र समोर भिंतीवर टांगलेला होता. बटण दाबल्यावर त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला इनपुट लॅग म्हणतात, आणि टीव्ही हा जन्मजात लॅगवाला प्राणी आहे.

जन्मजात हा शब्द उगाच वापरला नाही. जगाला पहिल्यांदा चालतंबोलतं टीव्हीचं चित्र दाखवणारा माणूस, ज्याच्या कंपनीच्या टीव्हीला सगळ्यात आधी हाय डेफिनिशनचा शिक्का मिळाला, तो माणूस याच आजारानं शर्यतीतून बाहेर फेकला गेला होता. त्याचं नाव जॉन लोगी बेअर्ड.

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ चा. गाव हेलेन्सबर्ग, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ, क्लाइड नदी समुद्राला मिळते तिथलं. वडील पाद्री, चार भावंडांत हा शेंडेफळ. तब्येत लहानपणापासून तोळामासा. सर्दी, खोकला, ताप, काहीतरी कायम चालूच. पण डोकं भलतीकडं चालायचं. पोरवयातच त्यानं आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज काढलं. एका वादळी रात्री त्यातली एक तार रस्त्यावर लोंबली, त्यात अडकून एक घोडागाडीवाला खाली पडला आणि एक्सचेंजला कायमचं कुलूप लागलं.

पुढं ग्लासगोच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनीअरिंग झालं. तिथं त्याच्यासोबत जॉन रीथ नावाचा एक पोरगा शिकत होता. हाच रीथ पुढं बीबीसीचा पहिला मुख्य झाला. दोघांचं कधी फारसं जमलं नाही, आणि बेअर्डच्या आयुष्यात ते बरंच महागात पडलं असं मला वाटतं. त्यानंतर बेअर्ड युनिव्हर्सिटीत गेला, पण पहिलं महायुद्ध आलं आणि पदवी राहिली ती राहिलीच. सैन्यात भरती व्हायला गेला तर तब्येत बघून परत पाठवलं. मग वीज कंपनीत नोकरी.

तिथं त्यानं कोळशापासून हिरे बनवायचा घाट घातला. कार्बनची कांडी काँक्रीटमध्ये पुरली आणि कंपनीचीच वीज घेऊन तिच्यातून जबरदस्त करंट सोडला. हिरा काही झाला नाही, पण ग्लासगोच्या एका भागातली बत्ती गुल झाली.

नोकरीचं पुढं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्यानंतर धंद्यांची रांग लागली. स्वतःचे पाय कायम गार पडायचे म्हणून बोरॅक्स लावलेले मोजे काढले, ते बऱ्यापैकी खपले. १९१९ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन जॅमचा कारखाना टाकला. तिथं फळं स्वस्त, साखर स्वस्त, हिशोब एकदम पक्का. पण उकळत्या साखरेच्या वासानं जंगलातले किडे थव्यानं येऊन कढईत पडायला लागले आणि गडी तापानं फणफणून घरी परतला. नागपुरात असता तर संत्र्याच्या नादाला लागला असता, एवढं नक्की. परत आल्यावर मध विकला, साबण विकला. प्रत्येक धंदा थोडा चालायचा, मग तब्येत ढासळायची, मग धंदा विकायचा.

१९२३ मध्ये बेअर्ड ३४-३५ वर्षांचा होता. हातात ना नोकरी ना धंदा. हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाच्या गावात येऊन राहिला आणि तिथं त्यानं ठरवलं की आता टीव्ही बनवायचा.

कल्पना त्याची नव्हती. पॉल निपकोव्ह नावाच्या जर्मन तरुणानं १८८४ मध्येच एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. ही चकती समजून घ्या, कारण आजच्या टीव्हीच्या खोक्यावर जे १०८०, २१६० असे आकडे छापलेले असतात त्यांचं मूळ तिच्यात आहे. एक गोल चकती घ्यायची आणि तिला गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी छिद्रं पाडायची. चकती फिरवली की प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्यावरून एक ओळ ओढत जातं. पहिलं छिद्र पहिली ओळ, दुसरं तिच्या शेजारची. छिद्रं ३० असतील तर एका फेरीत ३० ओळींचं चित्र तयार. प्रत्येक ओळीतला उजेड-अंधार विजेत बदलायचा, तारेनं पाठवायचा आणि पलीकडं तशीच चकती त्याच वेगानं फिरवून पुन्हा चित्र उभं करायचं.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात गेली जवळपास ४० वर्षं ते कुणालाच धड जमलेलं नव्हतं. एक मोठी अडचण म्हणजे उजेडाची वीज करणारा सेलेनियमचा घट. हा पदार्थ आळशी. उजेड बदलला तरी तो लगेच बदलत नाही, रेंगाळतो. म्हणजे टीव्ही बनायच्या आधीच टीव्हीत लॅग होता.

बेअर्डनं घरात मिळेल ते सामान गोळा केलं. टोप्यांचं खोकं, चहाची पेटी, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफू करायच्या सुया, लाख आणि डिंक. आपल्याकडं जुगाड म्हणतात तो हाच. १९२४ मध्ये त्याच्या यंत्रावर एका क्रॉसची सावली हलताना दिसली. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याला हजार व्होल्टचा शॉक बसला. हात भाजण्यावर निभावलं, पण घाबरलेल्या मालकानं जागा खाली करायला सांगितली.

मग बेअर्ड लंडनला आला. सोहो भागात २२, फ्रिथ स्ट्रीट, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. १९२५ च्या वसंतात सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात तीन आठवडे त्यानं आपलं यंत्र गिऱ्हाइकांना दाखवलं. दिसायच्या त्या नुसत्या आकृत्या. चेहरा अजून येत नव्हता.

चेहऱ्यासाठी इतका प्रखर उजेड लागायचा की दिव्यांसमोर माणूस टिकेना. आपल्या मे महिन्याला लाजवेल असली भट्टी. म्हणून बेअर्ड एका बाहुल्याचं डोकं वापरायचा. त्याचं नाव स्टूकी बिल. २ ऑक्टोबर १९२५ रोजी या बाहुल्याचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर नाकडोळ्यांसह, उजेड-सावलीच्या छटांसह उमटला. बेअर्ड धावत खालच्या ऑफिसात गेला आणि विल्यम टेंटन नावाच्या २० वर्षांच्या पोराला जवळजवळ ओढतच वर घेऊन आला. दिव्यांना घाबरून पोरगं मागं सरकायला लागलं तेव्हा त्याच्या हातावर थोडे पैसे टेकवले. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस हा असा मिळाला.

नंतर आली २६ जानेवारी १९२६. आपल्यासाठी ही तारीख पुढं वेगळ्या कारणानं मोठी झाली, पण त्या दिवशी रॉयल इन्स्टिट्यूशनचे जवळपास ४० सभासद आणि टाइम्सचा एक बातमीदार फ्रिथ स्ट्रीटचा अरुंद जिना चढून वर आले आणि त्यांनी टीव्ही पाहिला. चित्र ३० ओळींचं, अंधुक आणि थरथरणारं. पण माणसाचा चेहरा ओळखू येत होता. जाहीरपणे खऱ्या टीव्हीचं प्रात्यक्षिक झाल्याची हीच पहिली नोंद धरली जाते.

पुढची काही वर्षं बेअर्ड नुसता सुसाट होता. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनचं चित्र ७०० किलोमीटरवरच्या ग्लासगोला. १९२८ च्या फेब्रुवारीत अटलांटिकपलीकडं न्यूयॉर्कजवळ. त्याच वर्षी जुलैत रंगीत टीव्ही. हो, रंगीत, १९२८ मध्ये. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी छिद्रांच्या तीन माळा एकाच चकतीवर. १९२९ मध्ये रीथच्या बीबीसीनं नाखुशीनं का होईना, त्याचं ३० ओळींचं प्रक्षेपण सुरू केलं. १९३१ मध्ये त्यानं डर्बीची घोड्यांची शर्यत थेट दाखवली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट आल्बू या पियानोवादक मुलीशी लग्नही उरकलं.

पण ३० ओळी आणि सेकंदाला साडेबारा चित्रं यावर किती दिवस भागणार? घरात ठेवायच्या त्याच्या यंत्रात दिसणारं चित्र तळहाताएवढं असायचं आणि डोळ्यांसमोर लुकलुकायचं. गेमरच्या भाषेत रिझोल्यूशन ३०, फ्रेम रेट १२.५.

१९३४ मध्ये ब्रिटिश सरकारनं टीव्हीचं काय करायचं हे ठरवायला समिती नेमली. १९३५ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला आणि त्यात हाय डेफिनिशन म्हणजे काय हे ठरलं. किमान २४० ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. आज नेटवर्क गेलं की मोबाइलवरचा व्हिडिओ आपोआप २४०पी वर उतरतो आणि आपण वैतागतो. १९३५ मध्ये साधारण तेवढ्यालाच एचडी म्हणत होते.

मैदानात दोन कंपन्या होत्या. एक बेअर्डची, २४० ओळींवाली. दुसरी मार्कोनी-ईएमआय, ४०५ ओळींवाली. बीबीसीनं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दोघांना जागा दिली आणि आळीपाळीनं प्रक्षेपण करायला सांगितलं. पहिला नंबर कुणाचा यासाठी टॉस झाला, तो बेअर्डच्या बाजूनं लागला. २ नोव्हेंबर १९३६ रोजी सेवा सुरू झाली.

इथं एक गोष्ट बेअर्डच्या बाजूनं सांगायला पाहिजे. कंपनीवर नाव त्याचं होतं, पण ताबा १९३३ पासूनच दुसऱ्यांकडं गेला होता. तांत्रिक निर्णय घ्यायला वेगळा माणूस आणला होता. बेअर्ड बराचसा आपल्या प्रयोगांत बाजूला बसलेला. पण खेळ हरला तो त्याच्या नावानं.

आता तो आजार. बेअर्ड कंपनीकडं स्टुडिओतलं दृश्य थेट पकडेल असा भरवशाचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा नव्हता. त्यांनी डोकं लढवलं. साध्या सिनेमाच्या कॅमेऱ्यानं शूटिंग करायचं, ती फिल्म तिथल्या तिथं रसायनांच्या टाकीतून खेचायची, सायनाइड वापरून झटपट धुवायची आणि ओली असतानाच स्कॅन करून हवेत सोडायची. सगळं मिळून साधारण एक मिनिट. आवाजही त्याच फिल्मवर नोंदायचे, त्यामुळं ओठ आणि शब्द जुळायचे. घरी बसलेल्या प्रेक्षकाला पत्ताही लागायचा नाही की आपण बघतोय ते एक मिनिट जुनं आहे.

पण तो कार्यक्रम चालवणाऱ्यांचं काय? त्यांनी आत्ता दिलेल्या सूचनेचं फळ एका मिनिटानं दिसायचं. मिनिटभर जुन्या चित्रावरून दुसऱ्या स्टुडिओतल्या ताज्या चित्रावर जायचं तर घड्याळ लावून कसरत करायची. त्यात कॅमेरा टाकीला जोडलेला, एका जागी खिळलेला. तो ना पुढं जाऊ शकत होता ना वळून दुसरं काही दाखवू शकत होता. निवेदनाचा स्टुडिओ वेगळा, तो अंधारात चालवावा लागायचा, आणि तिथल्या माणसाला विचित्र रंगरंगोटी केल्याशिवाय चेहरा नीट दिसायचा नाही. शेजारी मार्कोनी-ईएमआयची मंडळी हलवता येणारे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे घेऊन आरामात काम करायची. बटण दाबलं की चित्र हजर.

तुमच्या टीव्हीचंही नेमकं असंच चालतं. सिनेमा बघताना टीव्ही प्रत्येक चित्र थोडा वेळ स्वतःकडं ठेवून घेतो. रंग उजळतो, कडा धारदार करतो. हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये एक तिसरं चित्र स्वतः रचून घालतो, आणि मधलं रचायचं तर पुढचं येईपर्यंत थांबावंच लागतं. आवाजही तेवढाच उशिरा सोडला की बघणाऱ्याला काही कळत नाही. पण ज्याच्या हातात माऊस आहे तो प्रेक्षक नसतो, तो बेअर्डच्या स्टुडिओतला दिग्दर्शक असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. सगळी सजावट चालू असलेला टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या पुढंही उशीर करू शकतो. म्हणजे सहा फ्रेम. तेवढ्यात समोरचा तुम्हाला मारून पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

औषध टीव्हीच्या सेटिंगमध्येच असतं, त्याचं नाव गेम मोड. तो चालू केला की टीव्ही सजावट सोडून देतो आणि आलेलं चित्र जवळपास तसंच पुढं ढकलतो. चांगल्या टीव्हीत लॅग १०-१५ मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. आमच्या मित्राला हे कळायला दोन दिवस लागले. रिमोटवरचं ते बटण त्यानं टीव्ही घेतल्यापासून कधी दाबलंच नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्या लहानपणीच्या डबड्या टीव्हीत ही भानगडच नव्हती. पिक्चर ट्यूबमधला किरण सिग्नल येईल तसा थेट काचेवर ओळी ओढायचा, साठवून ठेवायला जागाच नसायची. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर बंदुकीनं बदकं मारायचा खेळ आठवतो? घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधायचा. उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक मेलं. तीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीला लावा, एक बदक मरणार नाही. चौकोन येतो, पण उशिरा. टीव्हीवर गेम खेळायची सुरुवातही साध्या घरगुती टीव्हीवरच झाली. राल्फ बेअर या अमेरिकन इंजिनीअरला १९६६ मध्ये ती कल्पना सुचली आणि १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी नावानं ती बाजारात आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्या मुंबईत दूरदर्शन सुरू झालं.

अलेक्झांड्रा पॅलेसकडं परत येऊ. ४०५ विरुद्ध २४० एवढाच फरक नव्हता. मार्कोनी-ईएमआय आधी विषम ओळी ओढायची, मग सम, आणि अशा अर्ध्या चित्रांचे सेकंदाला ५० झपाटे द्यायची. त्यामुळं लुकलुक कमी दिसायची. बेअर्डचं चित्र अख्खं, पण सेकंदाला २५ च वेळा. टीव्हीच्या खोक्यावर १०८०आय आणि १०८०पी असं लिहिलेलं असतं ना, त्यातला आय आणि पी म्हणजे हेच. आय म्हणजे अर्धं-अर्धं, पी म्हणजे अख्खं. ओळी किती आणि वेळा किती, हे दोन आकडे वेगळे. दुकानदार पहिला मोठ्यानं सांगतो. दुसरा म्हणजे रिफ्रेश रेट, तो तुम्ही स्वतः विचारायचा. आणि जाहिरातीत मोशन अमुक-तमुक असा मोठा आकडा दिसला तर तो पॅनलचा खरा रेट आहे का, तेही.

त्या नोव्हेंबरात अजून एक घाव बसायचा होता. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लंडनचा क्रिस्टल पॅलेस जळाला. लोखंड आणि काचेची ती भव्य इमारत काही तासांत आडवी झाली. बेअर्ड कंपनीचा कारखाना आणि प्रयोगशाळा तिथंच होती, त्यातलं बरंच काही गेलं. दोन महिन्यांनी, १९३७ च्या सुरुवातीला, बीबीसीनं निकाल दिला. बेअर्डची पद्धत बंद, इथून पुढं फक्त ४०५ ओळी. ब्रिटनमध्ये ती ४०५ ओळींची पद्धत १९८५ पर्यंत टिकली.

बहुतेक गोष्टी बेअर्डला इथंच सोडून देतात. मला त्याचा नंतरचा काळ जास्त आवडतो.

४ फेब्रुवारी १९३८ ला लंडनच्या डोमिनियन थिएटरात त्यानं रंगीत टीव्ही दाखवला. पडदा १२ फूट रुंद, ९ फूट उंच. टीव्ही मोजतात तसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तर १५ फूट, म्हणजे १८० इंच. आज सीताबर्डीच्या शोरूममध्ये भिंतीवर लावलेला सगळ्यात मोठा टीव्ही आठवा आणि तुलना करा. फक्त चित्र होतं १२० ओळींचं. ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्याला १२० ओळी. ढोबळ हिशोबानं एकेक ओळ जवळपास इंचभर जाड. लांबून भारी दिसत असेल, पण पहिल्या रांगेत बसणाऱ्याला नुसते पट्टे.

मोठा टीव्ही मॉनिटर म्हणून घेताना लोक हाच हिशोब विसरतात. पडदा वाढला म्हणून ठिपके वाढत नाहीत, असलेलेच पसरतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. ५५ इंची फुल एचडी टीव्हीवर तेच ४०. सोफ्यावरून सिनेमा बघायला चालतं, पण टेबलावर दोन फुटांवर बसून गेममधला चॅट वाचायचा म्हटलं की डोळ्यांची वाट. ५५ इंची फोर-के घेतला तर ८०, आणि ४३ इंची फोर-के असेल तर शंभराच्या वर, म्हणजे टेबलावर ठेवायला योग्य. ३२ इंचांत एचडी रेडी लिहिलेले जे स्वस्त टीव्ही मिळतात त्यांत बहुधा १३६६ गुणिले ७६८ च पिक्सेल असतात. कॉम्प्युटरला लावायला ते मी तरी कुणाला सुचवणार नाही, कितीही ऑफर असू द्या.

१ सप्टेंबर १९३९ ला महायुद्धाच्या तोंडावर बीबीसीनं टीव्ही बंद केला. बेअर्डची कंपनीही बुडाली. तो लंडनच्या सिडनहॅम भागातल्या आपल्या घरात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून, दोन-चार मदतनीसांसोबत काम करत राहिला. वर बॉम्ब पडतायत, पोरंबाळं दूर पाठवलेली, आणि हा माणूस ६०० ओळींचा रंगीत टीव्ही जुळवतोय. फिरत्या चकत्यांच्या ज्या वाटेनं तो आयुष्यभर चालला ती आता त्यानं सोडली होती. १६ ऑगस्ट १९४४ ला त्यानं टेलिक्रोम दाखवली. पूर्ण इलेक्ट्रॉनिक रंगीत पिक्चर ट्यूब, आत कुठलाही भाग फिरत नाही. अभ्रकाचा पातळ पत्रा, त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग आणि दोन्हीकडून मारा करणाऱ्या दोन इलेक्ट्रॉन गन.

रंगाचा विषय निघालाच आहे तर आमच्या मित्राचं तिसरं दुखणं सांगतो. लॅग गेला, पण गडद पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं फुटल्यासारखी दिसायची. कारण आपला डोळा उजेडातले बारकावे टिपतो तेवढे रंगातले टिपत नाही. हे ओळखून टीव्ही आणि व्हिडिओच्या दुनियेत रंगाची माहिती मुद्दाम कमी पाठवतात आणि जागा वाचवतात. सिनेमात कळत नाही, कॉम्प्युटरच्या बारीक अक्षरांत लगेच कळतं. पुष्कळ टीव्हींत एचडीएमआयच्या त्या जोडणीला पीसी असं नाव दिलं की टीव्ही पूर्ण रंग घ्यायला लागतो. नुसतं नाव बदलायचं. त्याला हा जुगाड पटेना, पण चालला. फोर-के आणि १२० हर्ट्झ दोन्ही पाहिजे असतील तर मात्र टीव्हीला, ग्राफिक्स कार्डाला आणि केबललाही एचडीएमआय २.१ ची ताकद लागते, तिथं नावं बदलून भागत नाही.

युद्धानंतर देशानं कोणता टीव्ही घ्यावा हे ठरवायला ब्रिटननं १९४३ मध्ये एक समिती नेमली होती. बेअर्डनं तिच्यासमोर मांडणी केली की आता ४०५ वर थांबू नका, हजार ओळींचा, पूर्ण इलेक्ट्रॉनिक, रंगीत टीव्ही आणा. समितीला ते पटलंही होतं. पण युद्धानं देश कंगाल झालेला, यंत्रं जुनी तयार पडलेली, त्यामुळं सगळं पुन्हा ४०५ वरच आलं. हजाराच्या पुढच्या ओळींचा टीव्ही आपल्या घराघरांत यायला एकविसावं शतक उजाडलं.

१९४६ च्या फेब्रुवारीत बेअर्डला अर्धांगाचा झटका आला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या बेक्सहिल गावात तो अंथरुणाला खिळला. ७ जून १९४६ ला बीबीसीनं सात वर्षांनी टीव्ही पुन्हा सुरू केला. १४ जूनला बेअर्ड गेला. वय ५७. मागं बायको, एक मुलगी, एक मुलगा. त्याला पुरलं हेलेन्सबर्गला, जिथल्या रस्त्यावर त्याची टेलिफोनची तार लोंबली होती.

२२, फ्रिथ स्ट्रीट ही इमारत अजून उभी आहे. भिंतीवर बेअर्डच्या नावाची पाटी आहे. तळमजल्यावर १९४९ पासून बार इटालिया नावाचं कॉफीचं दुकान चालतं. आत टीव्ही लावलेला आहे, आणि इटलीची मॅच असली की तो बघायला पाय ठेवायला जागा नसते.